वालचंदशेठ : एप्रिलमधल्या तीन तारखा

५ एप्रिल

आज राष्ट्रीय सागरी दिन. १९१९ साली याच तारखेला सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन या देशी जहाज कंपनीची 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली, हे दरवर्षीच्या भाषणांत येतं. बोट कसली होती, हे सहसा येत नाही.

१८९१ साली इंग्लंडात बॅरोला बांधलेली, पॅसिफिकवर प्रवासी आणि टपाल नेणारी 'एम्प्रेस ऑफ इंडिया', साधारण ५,९०० टनांची. महायुद्धात ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती विकत घेऊन तिचं तरंगतं इस्पितळ केलं आणि नाव दिलं लॉयल्टी. उद्योगपती वालचंद हिराचंद दोशींच्या नजरेत ती भरली तेव्हा २८ वर्षांची म्हातारी होती. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद, लल्लूभाई सामळदास या मंडळींना घेऊन २७ मार्चला कंपनी स्थापन, आणि नवव्या दिवशी बोट समुद्रात!

धंद्याच्या हिशेबाने बोट चुकीची. टपालाच्या बोटीला वेग लागतो, म्हणून इंजिनं दांडगी आणि कोळसा भरमसाट. वरची जागा केबिनींनी खाल्लेली, मालाची कोठारं त्या मानाने लहान. मालवाहतुकीला नेमकं उलटं हवं असतं : सावकाश चाल, कमी कोळसा, मोठं पोट. १९२३ मध्ये ती मोडीत गेली. पण युद्धाने जगभरच्या बोटी गिळल्या होत्या. चांगली बोट मिळेपर्यंत थांबले असते, तर थांबलेच असते.

खरी मारामारी पुढे किनाऱ्यावर झाली. लॉर्ड इंचकेपच्या ब्रिटिश इंडिया या इंग्रज जहाज कंपनीने भाडी पाडली, हे सगळे सांगतात. त्याहून जालीम हत्यार होतं डिफर्ड रिबेट. व्यापाऱ्याने सहा महिने सगळा माल ठरलेल्या गोऱ्या कंपन्यांच्याच बोटींतून पाठवायचा. भरलेल्या भाड्यातला काही हिस्सा, समजा १०० रुपयांतले १०, त्याच्या नावे जमा राहायचा, पण हातात पडायचा पुढचे सहा महिनेही इमानदारीत काढल्यावर. मधे एकदा जरी सिंदियाच्या बोटीत पोती चढवली, तरी साचलेली सगळी रक्कम बुडाली. म्हणजे सिंदियाने भाडं कितीही उतरवलं तरी तांदळाचा व्यापारी आधी अडकलेला पैसा मोजणार. स्वदेशीचं प्रेम असूनही तो येत नसे, आणि त्यात त्याला दोष देता येत नाही.

१९२३ साली तह झाला, दहा वर्षांचा. सिंदियाने हिंदुस्थान, ब्रह्मदेश, सिलोनचा किनारा सोडून बाहेर जायचं नाही आणि ७५,००० टनांच्या वर बोटी ठेवायच्या नाहीत. ज्या लंडनच्या वाटेने सुरुवात केली, तीच बंद. तरी कंपनी जिवंत राहिली, आणि त्या काळात किती देशी बोट कंपन्या बुडाल्या हे पाहिलं तर ही कमाई लहान नाही.

६ एप्रिल

१९४२ साली याच दिवशी जपानी विमानांनी विशाखापट्टणवर बॉम्ब टाकले. वालचंदशेठच्या जहाज कारखान्याची पायाभरणी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते २१ जून १९४१ ला झाली होती. वर्षही झालं नव्हतं.

आधी डोळा कलकत्त्यावर होता, तिथे मनासारखी जागा मिळाली नाही. विशाखापट्टण वाईट नव्हतं : डॉल्फिन्स नोजच्या डोंगराआडचं बंदर, त्यामुळे आत पाणी शांत, दारापर्यंत रेल्वे, पोलाद जमशेदपूरहून आणता येण्याजोगं. पण युद्धात पोलादी पत्र्यावर सरकारचा ताबा, यंत्रं यायची ती समुद्रापलीकडून. इथली पहिली बोट 'जलउषा', ८,००० टनी, पाण्यात उतरली १४ मार्च १९४८ ला, नेहरूंच्या हस्ते. १९५२ मध्ये कारखान्याचा मोठा हिस्सा सरकारकडे गेला.

विमानाचंही तसंच. १९३९ मध्ये अमेरिकेच्या प्रवासात विमानांच्या धंद्यातला अमेरिकी विल्यम पॉली भेटला, म्हैसूरचे दिवाण मिर्झा इस्माईल यांनी जमीन आणि भांडवलाची बाजू सांभाळली, डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी राहिली. पुढच्याच वर्षी हार्लो जातीचं शिकाऊ विमान उडालं. १९४२ मध्ये सरकारने शेठजींचा हिस्सा विकत घेतला, आणि कारखाना विमानं बांधायच्या ऐवजी अमेरिकी हवाई दलाची विमानं दुरुस्त करू लागला.

८ एप्रिल

पुण्यतिथी. १९५३, सिद्धपूर. १९४९ मध्ये पक्षाघात झाला, पुढच्या वर्षी कामातून निवृत्ती.

जन्म सोलापूरचा, २३ नोव्हेंबर १८८२. घरचा धंदा सावकारी आणि कापसाचा, तो सोडून रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटकांबरोबर ठेकेदारी. सुरुवात बार्शी लाइट रेल्वेच्या कामाने. मातीकामाचा दर ब्रासवर, म्हणजे १०० घनफुटांवर लागतो. मुरूम समजून दर भरला आणि खाली काळा पाषाण लागला की सुरुंगाचा खर्च ठेकेदाराच्या बोकांडी. माती किती लांब टाकायची, किती उंच चढवायची, यात चुकला तो संपला. पुढे १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन आली, बोरघाटातले रेल्वे बोगदे झाले. आधी काम अंगावर घ्यायचं, मग माणसं आणि यंत्रं जमवायची, ही खोड मला वाटतं इथलीच. जहाज, विमान, मोटार, तिन्ही याच पद्धतीने. मोटारीसाठी आधी फोर्डकडे, तिथे जमलं नाही म्हणून क्रायस्लरकडे. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स.

ते दूरदर्शी होते म्हणून यशस्वी झाले, हे मला पटत नाही. दृष्टी सगळीकडे तीच होती. बोटी, विमानं यांत सरकार समोरच्या बाजूला उभं होतं. साखरेत १९३२ साली परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसली आणि १९३३ मध्ये रावळगावचा कारखाना सुरू झाला. ऊस तोडल्यावर दिवसभरात गाळला नाही तर साखरेचा उतारा घसरतो, म्हणून शेत आणि कारखाना शेजारी हवेत. रावळगावला नि इंदापूर तालुक्यात कळंबला शेठजींनी जमिनीपासून सुरुवात केली. ऊस आपला, गाळप आपलं, कोणाचा परवाना मधे नाही. कळंबचं वालचंदनगर झालं. तिथल्या कारखान्यात पुढे दुसऱ्यांसाठी साखर कारखान्यांची यंत्रं बनू लागली, आणि त्याच वालचंदनगरातून आता इस्रोच्या रॉकेटांचे भाग जातात.