पीत नाहीस तर बारमध्ये जातोस कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. म्हणजे तुम्हीच असं नाही, बायकोपासून ऑफिसातल्या पोरांपर्यंत सगळेच विचारतात की बाबा तू थेंबभर घेत नाहीस आणि चिपळूणला गेलास की पहिल्याच संध्याकाळी बाजारातल्या त्या जुनाट परमिट रूममध्ये काय करतोस.

आधीच सांगतो, जागेचं कौतुक करायला जात नाही. ट्यूबलाईट फडफडते, खुर्च्यांचं रेक्झिन फाटलंय, बाथरूमबद्दल न बोललेलं बरं. मेन्यूकार्डात दीडदोनशे पदार्थ, त्यातले मिळतात दहाबारा, आणि चायनीज मागवायच्या भानगडीत पडू नका. तंदूर मात्र खरा, कोळशाचा. रोटी, चिकन, आणि चांगला ताजा आला असेल तर बांगडा. जून-जुलैत ट्रॉलरची मासेमारी बंद असते तेव्हा मालक अण्णा सरळ सांगतो, बांगडा नाही, फ्रीजमधला देऊ का, आणि देऊ का असं विचारतो तेव्हाच कळतं की घ्यायचा नाही.

आणि परमिट रूम हे नाव उगाच नाही बरं का. १९४९ चा दारूबंदी कायदा आपल्याकडे अजून आहे, त्यामुळे महाराष्ट्रात प्यायची तर कागदोपत्री परवाना लागतो, एका दिवसाचा ५ रुपयांचा, आयुष्यभराचा १००० चा. तिथे बसणाऱ्या एकाच्याही खिशात तो मी पाहिलेला नाही. म्हणजे त्या खोलीत कायद्याने बसलेला बहुतेक मी एकटाच, कारण लाईम सोड्याला परमिट लागत नाही.

तर आता खरं कारण. काउंटरच्या मागच्या भिंतीवर पुराचं पाणी कुठवर चढलं ते दाखवणाऱ्या ऑइलपेंटच्या दोन रेघा आहेत. खालची २००५ ची. वरची २२ जुलै २०२१ ची, ती फॅनच्या रेग्युलेटरच्याही वर आहे. त्या दिवशी वाशिष्ठी नदी बाजारपेठेत शिरली. मी पुण्याहून चौथ्या दिवशी पोचलो, आमच्या घरातला चिखल फावड्याने ओढत होतो, आणि संध्याकाळी पाय मोकळे करायला म्हणून त्या गल्लीत गेलो तर अण्णा दारात पालथ्या क्रेटवर बसलेला. आत चिखलात बाटल्या रुतलेल्या, कितीतरींची सीलं शाबूत. म्हटलं अण्णा, या तरी धुऊन विकता येतील ना. तर म्हणाला, नाही रे, एक्साइजवाले येणार, पंचनामा होणार, सगळ्या फोडायच्या. आणि मग मला हाताला धरून मागे घेऊन गेला आणि म्हणाला, बाटल्यांचं जाऊ दे, हे बघ.

तंदूर नव्हता. नुसतं लोखंडी पिंप होतं. मला वाटायचं तंदूर म्हणजे काहीतरी भाजलेलं, पक्कं. तसं नसतं, आत कच्च्या मातीची भट्टी असते, ती रोजच्या आचेवर पक्की होत जाते, आणि ही बारा-पंधरा वर्षं जुनी भट्टी पुराच्या पाण्यात भिजून ढासळून पिंपाच्या तळाशी गाळ होऊन बसली होती. अण्णा उडुपीकडचा, इथे आल्याला तीस वर्षं झाली, बाटल्या मोजताना काही वाटलं नाही त्याला, पण तो गाळ बोटाने उकरून दाखवताना बोलायचा थांबला. मीही काय बोलणार. आम्ही दोघं जरा वेळ पिंपात बघत उभे राहिलो आणि मी घरी आलो.

गणपतीला परत गेलो तेव्हा नवी भट्टी बसवली होती. आतून गूळ, मीठ आणि तेल कालवून चोपडलेलं, तीन दिवस नुसती मंद आच, रोटी लावायची नाही, घाई केली तर तडा जातो. अण्णा दर अर्ध्या तासाने आत हात घालून बघायचा, बाळंतिणीच्या खोलीत डोकावल्यासारखा. घरी गणपती म्हणून चिकनचा प्रश्न नव्हता, मी आपला डाळ घेऊन बसलो होतो. चौथ्या संध्याकाळी आचाऱ्याने पहिली रोटी थापली, ती चिकटलीच नाही, निखाऱ्यात पडली. अण्णा म्हणाला, ती तंदूरची, राहू दे.

दुसरी चिकटली. सळईने काढून माझ्या ताटलीत टाकली. एका बाजूने कच्ची होती, करपलेल्या गुळाचा वास येत होता, आणि बिलात अण्णाने तिचे पूर्ण पैसे लावले.