वरून बघितलेला पूल

सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आम्हा चौघींना आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल करायचा होता. स्पॅन (दोन टेकूंमधलं अंतर) 60 सेंटीमीटर, वजन 250 ग्रॅमच्या आत, लोड मधोमध टांगायचा. मी वॉरन ट्रस घेतला, म्हणजे काड्यांची त्रिकोणी जाळी, पुलाच्या दोन्ही बाजूंना एकेक. सगळे समभुज त्रिकोण, म्हणजे आकडेमोड सोपी आणि काड्या एकाच मापाच्या. दोन रात्री बसून प्रत्येक जॉइंटचं गणित मांडलं. कुठल्या मेंबरला (म्हणजे काडीला) ताण आणि कुठल्याला दाब, हे निळ्या-लाल पेनाने रंगवलं. तो कागद मला फार आवडला होता.

पहिला पूल नऊ किलोवर गेला.

बादलीत वाळू ओतत होतो. वरच्या कॉर्डची, म्हणजे ट्रसच्या वरच्या आडव्या पट्टीची, मधली काडी हळूच बाहेरच्या बाजूला फुगली, धनुष्यासारखी, आणि मग सगळंच आडवं झालं. कुठलीही काडी तुटली नव्हती. मला तर रडूच आलं. लॅबमधले मामा तुकडे गोळा करता करता म्हणाले, "ताई, तुम्ही याला समोरूनच बघितलंय. वरून बघा की एकदा."

वरून बघितलं आणि चूक दिसली. माझा कागद सपाट होता. समोरून काडी 10 मिलिमीटर रुंद दिसते, वरून जेमतेम 2. दाबाखालची काडी वाकते ती या पातळ बाजूनेच, आणि दोन्ही ट्रस वरून एकमेकांना बांधलेलेच नव्हते.

मग ऑयलरचं सूत्र पुन्हा काढलं, दाबाखालची काडी किती भाराला वाकते ते सांगणारं. परीक्षेसाठी पाठ होतं, कळलं आता. दोन काड्या एकमेकींवर चिकटवल्या की जाडी दुप्पट होते, पण वाकण्याला विरोध आठपट होतो, कारण जाडीचा घन होतो. अट एकच, दोन्ही काड्या खरोखर एक झाल्या पाहिजेत. सरांनी इथेच क्युबेकची गोष्ट सांगितली. 1907 साली कॅनडातला तो पूल बांधकाम चालू असतानाच नदीत कोसळला, 75 कामगार गेले. दाबाखालच्या कॉर्डमधल्या पट्ट्यांना एकत्र धरणारी लेसिंग कमजोर होती. ते ऐकल्यावर आम्ही फेविकॉलचे नुसते ठिपके द्यायचं बंद केलं. काडीभर पातळ थर, त्यावर आईचे कपड्यांचे चिमटे, आणि पुरे चोवीस तास हात लावायचा नाही. हे चोवीस तास सगळ्यात अवघड होते.

काड्याही निवडून घेतल्या. फरशीवर ठेवून बोटाने दाबायची; डुगडुगली की बाजूला. पाकिटातल्या निम्म्याअधिक अशाच निघाल्या. वरच्या कॉर्डला दुहेरी काड्या, दोन्ही ट्रसमध्ये वरून तिरके ब्रेसिंग, म्हणजे आधाराच्या काड्या. वजन भरलं 228 ग्रॅम.

चाचणीच्या दिवशी तीस किलोनंतर मी बादलीकडे बघतच नव्हते, खाली वाकून वरच्या कॉर्डच्या रेषेवर डोळा लावला होता. रेष सरळ होती. चाळीसलाही सरळ. 47 किलोवर फटकन आवाज आला, पण खालून. ताणातला एक जॉइंट सुटला होता.

तो तुकडा मी ठेवलाय. फेविकॉलच्या थरावर लाकडाचे बारीक तंतू चिकटलेले आहेत. डिंक सुटलाच नाही, लाकूडच सोलून निघालं.