चाल : दिंडी

कार्तिकी तीन दिवसांवर आली असताना पुण्याहून सोलापूरच्या गाडीत जागा मिळेल असे समजणे हा माझा पहिला मूर्खपणा. दौंडपर्यंत दारात उभा होतो. पुढे एका माळकरी आजींनी बोचके मांडीवर घेऊन चार बोटे जागा करून दिली. डब्यात झांजांची एकच जोडी होती, पण ती कुर्डुवाडीपर्यंत थांबली नाही. कुर्डुवाडीला सगळे पंढरपूरसाठी उतरले आणि डबा एकदम रिकामा झाला. मी पाय पसरले आणि पिशवीतले आत्याचे गीतपुस्तक काढले.

या पुस्तकापायीच हा प्रवास. 'उपासना संगीत', आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांचे गीतपुस्तक, कापडी बांधणीचे, कडा तेलकट. आत्या गेली तेव्हा घरच्यांनी भांडी वाटून घेतली आणि हे माझ्याकडे आले. लहानपणी मे महिन्याची सुटी तिच्याकडे, सोलापुरात जायची. पहाटे गिरणीचा भोंगा व्हायचा, काका डबा घेऊन निघायचे आणि आत्या भाकरी थापत एक गीत म्हणायची. ते मला अर्धे पाठ आहे. शब्द पुस्तकात आहेतच. अडचण चालीची.

आपल्या मराठी गीतपुस्तकांत स्वरलिपी क्वचितच असते. गीताच्या डोक्यावर बारीक टायपात नुसते छंदाचे नाव लिहिलेले असते : अभंग, ओवी, साकी, दिंडी, नाहीतर 'चाल' म्हणून कुठल्यातरी जुन्या पदाची अर्धी ओळ. ते पद ज्याला येते त्याला चाल आली. ज्याला येत नाही त्याने काय करायचे, हे छापणाऱ्याने विचारातच घेतलेले नाही. आत्याच्या गीतावर लिहिले होते : दिंडी. मी सात-आठ वर्षांचा असताना तिला विचारले होते, "चाल दिंडी म्हणजे वारीत चालतात तसं चालत म्हणायचं का?" ती पिठाच्या हाताने तोंड झाकून हसली होती. उत्तर मात्र दिले नव्हते.

रविवारी सकाळी 'सात रस्ता' चौकातून चर्चसाठी रिक्षा केली. ठरल्या वेळेच्या तासभर आधी पोचलो आणि दुसरा मूर्खपणा केला : उपासना चालू दिसली म्हणून आत जाऊन बसलो. पाच मिनिटांनी लक्षात आले की हे तेलुगू आहे. सोलापूरच ते. एका गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी ऐकल्याशिवाय दूध आणून होत नाही. उठून जाणे बरे दिसेना, म्हणून बसून राहिलो, आणि बरे झाले. तेलुगू मंडळी त्यांच्या जुन्या गीतांना कीर्तनेच म्हणतात. शब्द एक कळत नव्हता, पण पल्लवी, म्हणजे ध्रुपद, म्हणून झाली की टाळी कुठे पडणार हे शेजारच्या म्हाताऱ्याबरोबर मलाही कळायला लागले.

मग मराठी उपासना. "सलाम, सलाम" हा आमच्यातला नमस्कार झाला, मागच्या बाकावर जागा मिळाली. तरुण मुलांचे गायकमंडळ चांगले होते, मेहनत घेतलेली कळत होती. पण कीबोर्डवाल्याने मागे तयार ताल लावून ठेवला होता आणि तो कुणासाठी थांबायला तयार नव्हता. भाषांतरित इंग्रजी गीतात तर मला नेहमीचीच चुटपुट लागली. विलायती चाल आपल्या ऱ्हस्व-दीर्घाला जुमानत नाही. 'प्रभु'मधला 'भु' चार मात्रा ताणायचा आणि 'येशू'मधला 'ये' घाईने गिळायचा, हे कानाला खडा लागल्यासारखे होते. काहींना ती गीतेच जवळची वाटतात, त्यांच्याशी माझे भांडण नाही. पण आत्याने भाकरी थापताना ती कधी म्हटली नाहीत.

उपासनेनंतर पाळकसाहेबांना पुस्तक दाखवले. त्यांनी पान पाहिले आणि म्हणाले, "हे आमच्याकडे आता कोणी म्हणत नाही. पेटीवाल्या काकांना विचारा."

पेटीवाले काका गिरणीतून सुटल्याला किती वर्षे झाली हे त्यांनाच मोजावे लागले. पलीकडच्या गल्लीत दोन खोल्या, भिंतीला टेकून पेटी, पेटीवर चादर, अर्थात सोलापुरीच. एक काळी पट्टी चिकटपट्टीने बंद केलेली होती. "ती आपोआप बोलती," काका म्हणाले. काकूंनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढे ठेवली आणि मी कशासाठी आलोय हे न विचारताच दह्याची वाटीही.

काकांनी पुस्तक डोळ्यांजवळ नेले. "दिंडी होय की. सोपी आहे." मग एकदम म्हणाले, "ह्या रेघा कुणी मारल्या?"

प्रत्येक ओळीत पेन्सिलीची एक तिरकी, पुसट रेघ होती. इतकी वर्षे मला वाटायचे, लहानपणी मीच खरडले असेल. काकांनी बोटाने मांडीवर मोजून दाखवले. दिंडीच्या चरणात 19 मात्रा. नऊ झाल्या की थांबायचे, मग दहा. रेघ बरोबर नवव्या मात्रेवर होती, सगळ्या कडव्यांत, एकदाही न चुकता. आत्या जेमतेम चौथी शिकलेली. ओळीतल्या या थांब्याला यती म्हणतात, पण हा शब्द तिने ऐकला असेल असे वाटत नाही. श्वास कुठे घ्यायचा तेवढे तिने लिहून ठेवले होते.

"ही कीर्तनातली चाल," काका म्हणाले. "बुवा आख्यानात रडवायला आले की दिंडी लावतात. आपल्या लोकांनी तीच उचलली. उचलली म्हणजे काय, होतीच की घरात."

ते खरेच आहे. अमेरिकन मराठी मिशन 1813 मध्ये मुंबईत आले, 1831 मध्ये नगरला आणि 1860च्या दशकात सोलापुरात. पण मंडळीत बसणारी माणसे कीर्तन, भजन आणि जात्यावरच्या ओव्या कानात घेऊनच आली होती. नगरकडे ख्रिस्ती कीर्तने होऊ लागली. कृष्णाजी रत्नाजी सांगळ्यांनी देशी चालींवर गीते रचली. त्यांतले एक पुढे चालीसकट इंग्रजी गीतपुस्तकांत गेले आणि तिथे त्या चालीचे नावच 'तन मन धन' पडले. मिशनरी गाणी घेऊन आले एवढेच आपण सांगतो, ती उलट्या दिशेनेही गेली हे सांगायचे राहून जाते. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895चा. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत पोचलो, असे ते म्हणत. त्यांचे अभंग पुस्तकात पानोपानी आहेत, आणि ते म्हणायला कीबोर्ड लागत नाही, झांजा असल्या की पुरे.

काकांनी भाता ओढला. पहिल्या ओळीला मला काहीच ओळखू आले नाही. त्यांची चाल आत्यापेक्षा सरळ होती, आत्या शेवटच्या अक्षरावर एक छोटी गिरकी घ्यायची. तिसऱ्या कडव्याला काकू आतून त्यांच्यात मिसळल्या आणि ती गिरकी आली. भांडी घासता घासता, अगदी सहज. मी फोनवर ध्वनिमुद्रण चालू केले तोवर चौथे कडवे संपत आले होते. पुन्हा म्हणा म्हणायचा धीर झाला नाही. काका दमले होते, आणि काकू लाजल्या असत्या.

परतीची गाडी सोमवारी पकडली. एकादशी उद्यावर होती, त्यामुळे कुर्डुवाडीला उतरणारे पुष्कळ आणि चढणारे थोडे. एक आजी मुलाच्या तापामुळे वारी अर्धी टाकून निघाल्या होत्या. खिडकीशी बसून त्या हलकेच गुणगुणू लागल्या आणि माझी बोटे आपोआप मांडीवर मोजू लागली. नऊवर रेघ येईना. सहा, सहा, सहा, चार. अभंग होता.

"काय मोजताय ओ?"

"अक्षरं," मी म्हटले.

"मोजा," म्हणाल्या, आणि पदराच्या गाठीतले चिरमुरे-बत्तासे काढून माझ्या हातावर ठेवले.