भोसरीतली काळी स्क्रीन: सेंटओएस ७ आणि नवं ग्राफिक्स कार्ड

भोसरी एमआयडीसीतल्या एखाद्या वर्कशॉपचा काळ्या स्क्रीनचा पीसी दुरुस्त करायला जाणार असाल तर गुरुवार टाळा. त्या दिवशी तिथे साप्ताहिक सुट्टी असते आणि दुरुस्तीसाठी लाइटही घालवतात. मी शुक्रवारी गेलो. वनाजहून मेट्रो, सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची, पुढे नाशिक फाटा आणि तिथून रिक्षा. सिव्हिल कोर्टला वरच्या फलाटावरून पार जमिनीखाली उतरावं लागतं, त्यामुळे हातात सीपीयू असेल तर सरळ लिफ्ट गाठा.

काम मित्राच्या वर्कशॉपमधलं. तपासणी विभागातला पीसी सेंटओएस ७ या लिनक्सवर, कर्नल म्हणजे त्याचा गाभा ३.१०. जुन्या कार्डाचा पंखा बंद पडला म्हणून कुणीतरी एएमडीचं आरएक्स ६४०० कार्ड बसवून दिलं आणि स्क्रीन काळी. मोजमापाच्या मशीनचं मॉड्यूल (कर्नलमध्ये बसणारा ड्रायव्हर) याच कर्नलवर बांधलेलं, म्हणून "कर्नलला हात लावायचा नाही" ही मित्राची अट. मला ती रास्त वाटली. पण ३.१० हा मुळात २०१३ चा कर्नल. रेड हॅटने त्यात मागाहून बरंच काही घातलं असलं, तरी २०२२ चं कार्ड त्याच्या ओळखीबाहेरचंच.

"साहेब, स्क्रीनच गेलीय फक्त, आत चालूय ते. हार्डडिस्कचा लाइट बघा की," मशीनवरचे मामा म्हणाले. बरोबर होतं त्यांचं. लॅपटॉपला लॅन केबल जोडली आणि एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून आज्ञा देण्याच्या सोयीने, आत शिरलो. म्हणून केबल घरूनच न्या, वर्कशॉपमध्ये मिळेल ती तेलकट आणि तुटक्या क्लिपची असते. 'एलएसपीसीआय' या आज्ञेला 'एनएनके' जोडून चालवलं की प्रत्येक कार्डाखाली वापरातल्या ड्रायव्हरचं नाव येतं. इथे कार्ड दिसत होतं, ड्रायव्हरची ओळ मात्र गायब. निदान तिथेच झालं.

एसएसएच बंद असेल तर पीसी सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेन्यूत 'ई' दाबा, लिनक्सच्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' (ग्राफिक्स ड्रायव्हर बाजूला ठेवायची खूण) लिहा, कंट्रोल-एक्स. स्क्रीन बहुधा येते. हे तेवढ्या बूटपुरतंच असतं, आणि असावंही. काही जण ते कायमचं लिहून ठेवतात आणि मग त्रिमितीय ड्रॉइंग फिरवायला मिनिट का लागतं म्हणून विचारत बसतात.

माझं मत स्पष्ट आहे: कर्नल हलणार नसेल तर कार्ड बदला. त्यासाठी पुण्यातली इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तपकीर गल्ली गाठली. एनव्हिडियाचं जीटी ७१० किंवा ७३० मागा. त्यांवर बहुतेक वेळा व्हीजीए पोर्टही असतो आणि वर्कशॉपचे मॉनिटर अजून त्याच जमान्यातले आहेत. मात्र ७३० घेताना डोळे उघडे ठेवा. एकाच नावाखाली दोन वेगळ्या चिप विकल्या गेल्या. खोक्यावर मेमरी १२८ बिट असेल तर ती जुन्या फर्मी पिढीची चिप, तिला एनव्हिडियाचा ३९० मालिकेचा ड्रायव्हर लागतो. ६४ बिट म्हणजे त्यानंतरची केपलर, तिला ४७० चालतो. खोकं नसेल तर दुकानदाराला कार्ड लावून दाखवायला सांगा: जीएफ१०८ दिसलं तर फर्मी, जीके२०८ तर केपलर. मी केपलर घेतलं.

नुसता डेस्कटॉप हवा असेल तर लिनक्समध्ये आधीच असलेला नूवो ड्रायव्हर पुरतो, वेगळं काही टाकायची गरज नाही. इथे त्रिमितीय ड्रॉइंग बघायची होती, म्हणून ४७० टाकला. त्याला चालू कर्नलशी तंतोतंत जुळणारं 'कर्नल-डेव्हल' पॅकेज लागतं, शेवटच्या आकड्यापर्यंत. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपला, पॅकेजेस देणारे जुने मिरर सर्व्हरही बंद झाले, त्यामुळे पॅकेजेस उतरवणारा नेहमीचा 'यम' नुसता चुका दाखवतो. पॅकेजेस आता व्हॉल्टवर, म्हणजे सेंटओएसच्या जुन्या आवृत्त्यांच्या साठ्यावर, आहेत. ती घरीच उतरवून पेनड्राइव्हवर घ्या, कारण अशा तपासणीच्या खोल्यांत इंटरनेट बहुधा नसतं. कर्नलचा नेमका आकडा सांगणाऱ्या 'युनेम -आर' चं उत्तर आधी व्हॉट्सॲपवर मागवून ठेवा, म्हणजे हेलपाटा वाचेल.

४७० टाकण्याआधी नूवो ब्लॅकलिस्ट करावा लागतो, म्हणजे तो लोड होऊ नये असं एका फाइलीत लिहावं लागतं; त्यानंतर रॅम इमेज नव्याने बनवणारं 'ड्रॅकट -एफ' चालवायला विसरू नका. नूवो बूट होताना आधी लोड होणाऱ्या या रॅम इमेजमध्येही बसलेला असतो, नुसत्या फाइलने तो जात नाही आणि इन्स्टॉलर अडून राहतो. बायोसमधलं सिक्युअर बूट चालू असेल तर डिजिटल सही नसलेलं मॉड्यूल लोडच होत नाही, तेव्हा बायोसचा पासवर्ड कुणाकडे आहे ते निघण्याआधी विचारा.

निघताना शिफ्ट सुटायच्या आधी बाहेर पडा, नंतर नाशिक फाट्यापर्यंत रिक्षा मिळणं मुश्कील.