लॉवेलची वही: शुक्रावरचे आरे मलाही दिसले!

मंगळाची प्रतियुती (पृथ्वीवरून पाहता मंगळ सूर्याच्या बरोबर समोर येणं) १६ जानेवारी २०२५ ला होऊन गेली. मोसमात मंगळाची नऊ रेखाटनं झाली, त्यातली दाखवण्यासारखी तीन. ८ इंची डॉब्सोनियन (साध्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण), पुण्यातली गच्ची, दिवसभर तापलेली फरशी. रात्री दहापर्यंत त्या गरम हवेत बिंब नुसतं उकळत असतं. उत्तर ध्रुवाची पांढरी टोपी मात्र स्वच्छ, एक काळसर पट्टा, बाकी सगळं ‘असावं बहुतेक’. ‘असावं बहुतेक’वर पेन्सिल टेकवायची नाही हा नियम मी तीनदा मोडला.

सोबत पर्सिव्हल लॉवेल हा अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ वाचत होतो. मंगळावर तिथल्या रहिवाशांनी खोदलेले कालवे आहेत म्हणायचा, म्हणून आपण त्याची टिंगल करतो, पण माणूस भन्नाट. बॉस्टनच्या गिरणीवाल्या घराण्यातला. १८७६ मध्ये हार्वर्डची पदवी, समारंभातलं भाषण सूर्यमाला कशी बनली यावर. आणि नंतर काय, तर आजोबांच्या कचेरीत सहा वर्षं कापडगिरणीचे हिशेब! १८८३ मध्ये सगळं सोडून जपान. तिथून अमेरिकेला निघालेल्या कोरियन शिष्टमंडळाचा हा चिटणीस झाला, त्या हिवाळ्यात सोलला राहिला, राजा कोजोंगचे फोटो काढले. मग जपानवर पुस्तकं. वेधशाळा काढली १८९४ मध्ये, वयाच्या ३९व्या वर्षी, ॲरिझोनात फ्लॅगस्टाफला, सात हजार फुटांवर. आधी हवा बघायची, मग दुर्बीण लावायची, हे त्याचं मला पटतं. (आमच्या गच्चीला नाही पटत.)

आता मुख्य काम. १८९६ मध्ये त्याला २४ इंची नव्या दुर्बिणीतून शुक्रावर चाकासारखे आरे दिसले. ढगांनी झाकलेल्या शुक्रावर आरे कुठले? पण शुक्र फार झगझगीत म्हणून लॉवेल भिंगाचं तोंड झाकून काही इंचांवर आणायचा. मी तेच केलं. पुठ्ठ्याला ६० मिमीचं भोक, दुय्यम आरसा टाळून एका बाजूला. ५ मिमीची नेत्रिका (डोळा लावायचं भिंग), २४० पट. डोळ्यात शिरणारी शलाका उरली पाव मिलिमीटर.

पहिली दहा मिनिटं काहीच नाही. मग डोळा जरा हलवला आणि अर्ध्या बिंबावर करड्या रेषा उमटल्या, एका जागेतून फुटलेल्या, डावीकडे दुबेळकं. अंगावर काटाच आला. डोळा बदलला, तर दुबेळकं उजवीकडे! पुठ्ठा काढला, रेषा गायब. शुक्राचा काही संबंध नाही. इतक्या बारीक शलाकेमुळे दिसू लागलेल्या, माझ्याच दृष्टिपटलावरच्या रक्तवाहिन्यांच्या सावल्या. डॉक्टरांनी गेल्या वर्षी काढलेला डोळ्याचा फोटो शेजारी ठेवला, दुबेळकं तिथंही आहे.

लॉवेलनं १९०२ मध्ये आऱ्यांबाबत माघार घेतली, आणि पुढे परत तेच दिसल्याचं सांगितलं. गंमत अशी की मलाही, कारण कळल्यावरही, ते शुक्रावरच दिसतात.

छोट्या दुर्बिणीवाल्यांनी करून बघा. सूर्य पूर्ण मावळल्यावरच, आणि दोन्ही डोळ्यांची रेखाटनं वेगळी ठेवा.