खड्ड्यात घालायचे पैसे

त्या दिवशी संध्याकाळी माझ्या जेवणाच्या डब्यात मातीचं ढेकूळ होतं. सकाळी बायकोने फोडणीचा भात भरून दिला होता. तो मी खानापूर तालुक्यातल्या जांबोटीच्या पुढे रस्त्याकडेला गाडीवर बसूनच संपवला आणि परत येताना त्याच डब्यात तिकडच्या एका मावशींच्या पडलेल्या भिंतीचा एक तुकडा ठेवला. साधारण अर्ध्या विटेएवढा. नखाने खरवडला तर नुसती धूळ निघायची, इतका कडक. हे ढेकूळ घेऊन मला बेळगावातल्या शहापूरला एका गणेश मंडळाच्या मीटिंगला जायचं होतं, पैसे मागायला.

मी साइट सुपरवायझर. बावीस वर्षं बेळगावात दुसऱ्यांची घरं उभी करतोय. ६ ऑक्टोबर २०२१ ला आमच्या तालुक्यात बडाल अंकलगीला भिजलेली भिंत कोसळून सात माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. दुसऱ्या दिवशी साइटवर चहाला बसलो तेव्हा त्याशिवाय दुसरा विषयच नव्हता. गवंडी म्हणाला, आपण रोज भिंती बांधतो, आणि लोक भिंतीखाली मरतात. त्यावर कोण काय बोलणार? पण त्यातूनच आम्ही चौघं जमलो: तो गवंडी, मी, एक सिमेंटवाला आणि उद्यमबागेत फाउंड्रीत असलेला माझा मेहुणा. नाव नाही, लेटरहेड नाही. एक वही आणि मेहुण्याचं एक वेगळं काढलेलं बँक खातं.

आम्ही अख्खं घर बांधत नाही, फक्त पाया आणि जोतं. त्याचं कारण आधी सांगतो, कारण पुढची सगळी गंमत त्यातच आहे. कर्नाटक राज्याच्या घरकुल योजना राजीव गांधी ग्रामीण वसती निगमामार्फत चालतात. पैसे टप्प्याने सुटतात: पाया, लिंटल (दार-खिडक्यांवरची पट्टी), छत, मग पूर्ण घर. प्रत्येक टप्प्याला पंचायतीचा माणूस येऊन मोबाइलवर जीपीएस फोटो काढतो, तो वर चढला की हप्ता खात्यावर जमा. कागदावर अगदी बरोबर आहे. पैसे दिले आणि घरच नाही, असं होऊ नये म्हणून केलेलं. पण ज्याच्याकडे आज संध्याकाळच्या तांदळाचे पैसे नाहीत, त्याने पाया कशाने भरायचा? पाया नाही म्हणून फोटो नाही, फोटो नाही म्हणून हप्ता नाही. मंजूर झालेलं घर तसंच पिशवीत राहतं.

मावशींचं असंच पिशवीत होतं. जांबोटी-कणकुंबी रस्त्याला लागून आत गेलं की त्यांचं गाव. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते. तिकडचा पाऊस बेळगावातल्या माणसाला सांगून कळत नाही, एकदा जाऊन भिजावं लागतं. घरात मावशी, त्यांची नवऱ्यामागं परत आलेली मुलगी आणि दोन नातवंडं. मुलगा गोव्याला कामाला गेला तो तिकडचाच झाला. भातलावणीला आणि काजूच्या दिवसांत मजुरी, बाकी वर्ष कसंतरी. २०१९ च्या ऑगस्टात मागची भिंत गेली तेव्हा सरकारी पाहणीत घर ‘क’ वर्गात बसलं. पूर्ण पडलेल्या घराला ५ लाख, ‘क’ ला ५० हजार. भिंत अर्धी पडली की पाऊण पडली हे ठरवणाऱ्याला त्याच रात्री तिथे झोपवायला पाहिजे होतं, असं मला अजून वाटतं. असो. त्या ५० हजारांत पत्रे आले आणि नवऱ्याच्या औषधाची उधारी फिटली. नवरा पुढच्या वर्षी गेला.

सकाळी मी पोचलो तेव्हा मावशी अंगणात काजूच्या बिया वाळत घालत होत्या. मी भिंतीचा तुकडा मागितल्यावर त्यांना काही कळेना.

“माती कशाला नेताय?”

“शहरातल्या लोकांना दाखवायला.”

“त्यांच्यात माती नसते व्हय?”

त्यांनी मंजुरीचा कागद पुन्हा एकदा माझ्या हातात दिला. कन्नडमधला तो आदेश त्यांनी आजवर गावात तिघांकडून वाचून घेतला होता आणि तिघांनी तीन अर्थ सांगितले होते. मी चौथा. १ लाख २० हजार मंजूर, मावशींच्या नावावर. काम सुरू केलं नाही म्हणून पंचायतीने दोनदा विचारणा केलेली. तिसऱ्यांदा ब्लॉक होईल, असं तिथल्या माणसाने मला फोनवर सांगितलं होतं. तो बिचारा चांगला होता, मे अखेरपर्यंत थांबतो म्हणाला. त्याला एका वाक्यात धमकी आणि माया दोन्ही जमायचं.

जागेचा उतारा सासऱ्याच्या नावावरून काढून घेताना जे हेलपाटे झाले, ते लिहायला बसलो तर हा लेख तिथेच संपेल.

पायाचा आणि जोत्याचा आमचा हिशोब ८२ हजार झाला होता. दगडाच्या सहा ट्रॉल्या, चाळीस पोती सिमेंट, एम सँड म्हणजे दगड दळून केलेली वाळू, जोत्यावरच्या बेल्टची, म्हणजे काँक्रीटच्या पट्ट्याची, सळी आणि मजुरी. तिकडे पाणी जमिनीवरून वाहतं, म्हणून जोतं दीड फुटाच्या खाली घ्यायचं नाही, हा गवंड्याचा हट्ट. हातात ४७ हजार होते. फाउंड्रीतल्या पोरांचे शंभर-दोनशे, सिमेंटवाल्याची दहा पोती आणि पुण्याला असलेल्या आपल्याकडच्या काही लोकांचे. पुण्याच्या एका गृहस्थांनी आधी ३० हजार कबूल केले होते. मग विचारलं, “स्लॅबचा फोटो कधी पाठवता?” मी म्हटलं, आमच्या पैशात स्लॅब येत नाही, आमचं काम जमिनीखाली. त्यावर ते “बघतो” म्हणाले. मराठीत “बघतो” म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. शाळेला पंखा द्या, देवळाला घंटा द्या, लोक देतात. पंख्यावर नाव रंगवता येतं. पायावर कुठे रंगवणार?

राहिले ३५ हजार. मंडळाकडे गेल्या वर्षीची शिल्लक आहे असं मेहुण्याने ऐकलं होतं.

मीटिंग साडेआठची. मी आठलाच जाऊन बसलो आणि ती सुरू झाली साडेनऊला. खोलीत मागच्या वर्षीच्या डेकोरेशनचे थर्माकोलचे खांब रचून ठेवलेले, भिंतीवर अहवाल, एका कोपऱ्यात ढोल. पंचवीस-तीस माणसं. अध्यक्ष तिशीचे, तरतरीत. त्यांनी मला पहिल्यांदा बोलायला दिलं, हा त्यांचा मोठेपणा. पुढे डॉल्बीचा विषय होता. तो एकदा सुरू झाला असता तर माझा नंबर पहाटे लागला असता.

मी जमेल तसं सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, “चांगलं काम हाय. आपण दारावर मंडळाच्या नावाची संगमरवरी पाटी लावूया.”

“साहेब, तुमच्या पैशात दार येत नाही.”

“मग काय येतंय?”

“खड्डा. आणि खड्ड्यात दगड.”

मागून एकजण ओरडला, “म्हणजे पैसे खड्ड्यात घाला म्हणूलालासा?” सगळी खोली हसली. मीही हसलो. दुसरं काय करणार?

मग मी डबा उघडला. चहाची एक स्टीलची ताटली मागून घेतली, त्यात बोटाच्या एका पेराएवढं पाणी ओतलं आणि ढेकूळ उभं ठेवलं. म्हटलं, ही खानापूर तालुक्यातल्या एका घराची भिंत. हातात घेऊन दाबून बघा, मग पाण्यात ठेवतो. दोघातिघांनी दाबून बघितली. “दगडच की ओ,” म्हणाले. मी परत ताटलीत ठेवली आणि सांगितलं, आता बघा.

काहीही झालं नाही.

घरी मी हा प्रयोग दोनदा केला होता आणि दोन्ही वेळा सात-आठ मिनिटांत जमला होता. इथे पाच मिनिटं झाली, आठ झाली. ढेकूळ आपलं उभं, पुतळ्यासारखं. कुणीतरी खोकलं. अध्यक्षांनी घड्याळाकडे बघितलं आणि अदबीने म्हणाले, “ते होऊ दे तोवर आपण पुढचा विषय घेऊया.” आणि डॉल्बी सुरू झाली, म्हणजे डॉल्बीचा वाद. पोलिसांची परवानगी, गल्लीतल्या म्हाताऱ्यांची तक्रार, झांजपथक आणलं तर किती, ढोल आपलेच वाजवले तर किती. मी ताटली मांडीजवळ ओढून बसलो. लग्नात चुकीच्या पंगतीत बसलेल्या माणसाचं तोंड कसं होतं, तसं माझं झालं असणार.

पण ताटलीत काम चाललं होतं. ढेकळाच्या खालच्या काठाला ओलीची काळसर रेघ दिसायला लागली होती, धोतराच्या काठासारखी. ती हळूहळू वर सरकत होती. अर्धा इंच, पाऊण इंच. वरचा भाग तसाच पांढरट, कोरडा, कडक. मातीच्या भिंतीचं असंच असतं. पाऊस भिंतीला वरून जेवढा मारतो त्याहून जास्त खालून खातो. अंगणात पाणी साचतं, तळाची माती ते ओढून घेते आणि मऊ होते. वर लिंपलेलं, सारवलेलं सगळं छान दिसत असतं. भिंतीचा आणि छपराचा सगळा भार मात्र त्या मऊ झालेल्या वीतभर मातीवर असतो. म्हणून पुष्कळदा पाऊस थांबून उघडीप पडल्यावर, आता धोका टळला म्हणून माणसं निवांत झोपल्यावर, भिंत जाते.

माझ्या शेजारी एक अण्णा बसले होते. सत्तरीच्या पुढचे, टोपी, जाड भिंगाचा चष्मा. डॉल्बीवर ते एक शब्द बोलले नव्हते. ते वाकून ताटलीकडे बघत होते.

चहा घेऊन आलेला पोरगा म्हणाला, “अण्णा, ते पडूलालंय बघा.”

तळ बसला. आवाज असा झालाच नाही, ओलं पोतं ठेवल्यावर होतो तेवढाच. वरचा कोरडा भाग तिरका झाला, क्षणभर अडला आणि अण्णांच्या बाजूला आडवा पडला. चहाच्या पाण्यासारखा गढूळ थेंब त्यांच्या धोतरावर उडाला.

मी “माफ करा” म्हणून रुमाल काढला. त्यांनी तो घेतला नाही. पडलेला तुकडा उचलला, अंगठ्याने दाबला. “वरचं अजून सुकंच हाय,” ते स्वतःशीच म्हणाले. मग मोठ्याने, डॉल्बी मध्येच तोडून, “अध्यक्ष, जरा थांबा.”

अण्णा विणकर. साठ वर्षं मागावर बसलेले, खड्डामागावर. शहापूर, वडगाव, खासबागमध्ये पूर्वी घरोघर हे माग असायचे. विणकर जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो, पायाने दाबायच्या पावड्या खाली, साडी वर. अण्णा म्हणाले, “लुगडं सगळ्यांनी बघितलं. दुकानात बायकांनी पदर बघितला, काठ बघितला. खड्डा कुणी बघितला? पण पावसाळ्यात खड्ड्यात ओल शिरली की आमच्या घरात चूल थंड. माझ्या बापानं माग घ्यायच्या आधी खड्डा दगडानं बांधून घेतला, त्याला वर्षभर कर्ज फेडत होता. लोक हसले त्याला. खड्ड्यात पैसे घातले म्हणून.” मघाशी ओरडलेल्या माणसाकडे त्यांनी बघितलंही नाही. बघायची गरज नव्हती.

नंतर फार भाषणं झाली नाहीत. खजिनदाराने वही काढली. शिल्लक ६८ हजार निघाली. कुणी ३५ देऊया म्हणालं, कुणी १०, कुणी पुढच्या वर्षी बघू. घासाघीस झाली आणि २० हजारांवर ठरलं. खरं सांगतो, मला थोडा राग आला. पूर्ण दिले असते तर मंडळ बुडालं नसतं. पण साडेअकरा वाजता, तीस माणसांनी हात वर करून, जे कधी दिसणार नाही अशा कामाला २० हजार दिले. पुण्याच्या “बघतो” पेक्षा ते मोठं होतं. अण्णांनी जाताना माझ्या हातात पाचशेच्या दोन नोटा ठेवल्या आणि म्हणाले, “पावती नको. धोतर तेवढं धुऊन द्या.” राहिलेले १४ हजार गवंड्याने मजुरीत धरले. म्हणजे त्याने आणि त्याच्या दोघा भावांनी फुकट काम केलं. आमच्या वहीत ते ‘जमा’ म्हणून लिहिलंय.

काम मेच्या दुसऱ्या आठवड्यात लागलं. मंडळाची तीन पोरं एका रविवारी मोटरसायकलवरून आली आणि दिवसभर दगड उचलले. एकाने तळाच्या ओल्या काँक्रीटवर खिळ्याने मंडळाचं नाव लिहिलं, वेलांटी चुकवून. गवंडी थांबायला तयार नव्हता. त्याने त्यावर पहिला दगड बसवला.

महिनाअखेरीला पंचायतीचा माणूस आला. फोटोत लाभार्थी दिसायला पाहिजे, असा नियम आहे, म्हणून त्याने मावशींना जोत्यावर उभं राहायला सांगितलं. कणकुंबीकडून ढग भरून येत होते आणि मोबाइलला रेंज नव्हती. मावशी पायरीसाठी टाकलेल्या दगडापाशी आल्या, चपला काढल्या, कडेला एकीला एक लावून ठेवल्या आणि वर चढल्या.

“मावशी, चपला घाला की, सळ्यांचे तुकडे पडलेत,” मी म्हटलं.

“घरात कशा घालू?” त्या म्हणाल्या.

रेंज यायला पंधरा मिनिटं लागली. तोवर त्या बेल्टवर अनवाणी उभ्या होत्या आणि मुलीला चूल कुठे मांडायची ते हाताने दाखवत होत्या.