सापडला का गं तो पोरगा?

2014 चा लेस्टरमधला हिवाळा माझ्या लक्षात राहिलाय तो 'द मिसिंग' या मालिकेमुळे. बीबीसी वनवर दर मंगळवारी रात्री नऊला लागायची, एकूण आठ भाग. बुधवारी साताऱ्याला फोन केला की आईचा पहिला प्रश्न ठरलेला, "सापडला का गं तो पोरगा?"

पोरगा म्हणजे पाच वर्षांचा ऑलिव्हर. 2006 मध्ये फ्रान्सला सुट्टीवर निघालेल्या एका इंग्रज कुटुंबाची गाडी वाटेत बंद पडते आणि त्यांना एका लहान गावात मुक्काम करावा लागतो. फुटबॉल विश्वचषकाचे दिवस. पोहून झाल्यावर बाप मुलाला घेऊन बारपाशी थांबतो, सामना बघणाऱ्यांची गर्दी उसळते आणि हात सुटतो. पुढे 2006 आणि आठ वर्षांनंतरचा काळ आलटूनपालटून येत राहतो. नवरा-बायको वेगळे झालेत, तरी बाप, टोनी, त्याच गावात परत येतो. जेम्स नेस्बिटचं काम असं, की टोनीचा राग येतो आणि पोटात तुटतंही.

मला सगळ्यात जास्त लागलं ते भाषेचं. टोनीला फ्रेंच येत नाही. पोलीस आपापसात भराभर बोलतात, आपण खालची इंग्रजी अक्षरं वाचतो, तो बिचारा नुसते चेहरे बघत राहतो. ज्युलियन बाप्टिस्ट हा फ्रेंच अधिकारी त्याच्याशी इंग्रजीत बोलतो, तेवढाच आधार.

आदल्या वर्षी आमचा चार वर्षांचा मुलगा एका दुकानात दिसेनासा झाला होता. सहा-सात मिनिटंच. रखवालदारानं विचारलं, अंगात काय घातलंय? इतकी वर्षं इथं नोकरी करणारी मी, तोंडातून मराठीच येत होतं: "आत्ता इथंच होता हो, आत्ता इथंच होता." निळा शर्ट, एवढंसुद्धा इंग्रजीत सांगता येईना. मालिकेत ऑलिव्हरच्या स्कार्फवरून आठ वर्षांनी नवा धागा लागतो, तेव्हा मला तो निळा शर्ट दिसत होता. नवऱ्यानं टीव्ही बंद करू का विचारलं. मी नको म्हटलं.

शेवट इथं सांगत नाही. आईला मात्र सगळा सांगितला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुझ्या पोराला शाळेतून आणलंस ना?"